पारसिकच्या डोंगराला तोंड का नाही?

बेलापुरी
शनि, २९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१४

मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र. आज घरात वाद हरलोय म्हणून पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आठवडाभर आमच्याकडे ज्वालामुखी चालू आहे. इथिओपियातला हायली गुब्बी गेल्या रविवारी उसळला, त्याची राख तांबडा समुद्र ओलांडून येमेन-ओमानवरून थेट दिल्लीपर्यंत आली, विमानं रद्द झाली आणि आमची नववीतली कन्या एका रात्रीत तज्ज्ञ झाली. आज संध्याकाळी नवी मुंबईतल्या पारसिक टेकडीवर चालायला गेलो होतो. चढावर एका ठिकाणी रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे ती थांबली. काळा दगड, त्यात वाटाण्याएवढी भोकं, काही भोकांत पांढरं काहीतरी गच्च भरलेलं. म्हणाली, "पुस्तकात आहे की हा सगळा दगड ज्वालामुखीतून आलाय. मग ज्वालामुखी कुठाय?"

मी ठोकून दिलं, "ज्याच्यावर उभी आहेस तोच. विझलाय आता."

"मग याला तोंड कुठाय?"

वरपर्यंत जाऊन आलो. वर बंगले, झाडं, बाकावर बसलेले आजोबा, समोर खाडी. तोंड नाही. परतीच्या वाटेवर कन्या काही बोलली नाही, नुसती हसत होती. ते जास्त लागलं.

तर सांगा, पारसिक ज्वालामुखी आहे की नाही? नसेल तर एवढा दगड आला कुठून? आणि एक प्रश्न माझा स्वतःचा. काही ज्वालामुखी नुसते वाहतात, लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. काही मात्र अख्ख्या डोंगरासकट उडतात. असं का?

खाडीपलीकडचा
शनि, २९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:३१

तोंड होतं हो. बुजवून प्लॉट पाडले. आपल्याकडे तळी बुजतात, खाडी बुजते, ज्वालामुखीच्या तोंडाचं काय घेऊन बसलात.

(कळव्याहून, डोंगराच्या दुसऱ्या बाजूने. आमच्याही बाजूला तोंड नाही, बघून ठेवलंय.)

मृण्मयी_ठाणे
शनि, २९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:०५

बेलापुरी, मी भूगोल शिकवते आणि तुमच्या मुलीचा प्रश्न मला गेल्या कित्येक वर्षांत एकाही वर्गात कुणी विचारलेला नाही. पोरं ज्वालामुखी म्हटलं की शंकू काढतात, वर खड्डा, खाली लाल खडू. त्याच वहीत दोन पानं पुढे 'दख्खनचे पठार भेगी उद्रेकातून तयार झाले' हे वाक्य घोटून लिहिलेलं असतं. चित्र आणि वाक्य यांची गाठ काही पडत नाही.

सविस्तर उत्तर बोअरवाला काका देतील. काका, जागे आहात का?

बोअरवाला
रवि, ३० नोव्हेंबर २०२५, सकाळी ६:५०

जागा आता झालो. चहा झालाय, लिहितो.

बेलापुरी, कन्येला शाबासकी सांगा. मी बत्तीस वर्षं इमारतींच्या पायासाठी आणि बोगद्यांसाठी बोअर मारून कोअर, म्हणजे आतून निघणारी दगडाची कांडी, बघण्याचं काम केलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात भोक पाडलं की वरची माती, मग मुरूम, आणि मुरूम संपला की काळा ट्रॅप, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा दगड. खाडीकडे गेलात तर मध्ये मीटरचे मीटर चिखल लागेल, पण खाली पुन्हा तोच. तोंड मात्र मला एकदाही सापडलं नाही, कारण आपल्याकडचा ज्वालामुखी हा डोंगर नव्हताच. इथे जमीन उसवली होती. शिवण उसवते तशी, मैलोन्‌मैल. त्या उसवणीतून लाव्हा वर आला, सपाट पसरला, थिजला. मग काही काळ शांतता. वर माती धरली, झाडोरा आला. पुन्हा उसवण, पुन्हा लाव्हा. असे थरांवर थर. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे काळ्या थरांमध्ये विटेच्या रंगाचा एखादा हातभर पट्टा दिसतो, तो बऱ्याच ठिकाणी त्या मधल्या शांततेत तयार झालेल्या मातीचा असतो. त्यावर पुढचा लाव्हा येऊन बसला.

हे घडलं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आज त्यातला जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भाग शिल्लक आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. कळसूबाईचे १६४६ मीटर चढलात की खालपासून वरपर्यंत लाव्हाच चढलात. ट्रॅप हा शब्दही पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय, कारण लांबून हे डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात.

म्हणजे पारसिक हा साचून वर आलेला ढीग नाही, कापाकापीनंतर उरलेला तुकडा आहे. ताटात वड्या थापल्या, आजूबाजूच्या पोरांनी उचलून नेल्या, कडेची एक राहिली. ती वडी म्हणजे पारसिक. वड्या नेणारे कोण, तर पाऊस, नद्या आणि समुद्र.

आता दगड वितळतो कसा हे सांगायला हवं, कारण तिथे सगळे फसतात. जमिनीखाली लाव्हाचा समुद्र आहे आणि कवचाला भोक पडलं की तो वर येतो, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. कवचाखालचं प्रावरण घन आहे. भूकंपाच्या ज्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, त्या प्रावरणातून आरपार जातात. द्रव आहे तो बाहेरचा गाभा, २९०० किलोमीटर खाली, आणि तो मुख्यतः लोखंडाचा. त्याचा ज्वालामुखीतून येणाऱ्या रसाशी संबंध नाही.

मग घन दगड का वितळतो? कुकर आठवा. आत पाणी १२० अंशांच्या आसपास असतं, पण दाबामुळे पाणीच राहतं. शिट्टी उचलून दाब सोडा, खालचा गॅस बंद असला तरी आत खळबळ माजते. उष्णता वाढवली नाही, दाब काढला. प्रावरणातला तापलेला दगड वर्षाला काही सेंटिमीटर अशा कासवगतीने वर सरकतो तेव्हा त्याच्यावरचा भार कमी होतो आणि तो थोडाथोडा वितळतो. सगळा नाही, शंभरातले पाच-दहा-वीस भाग. हा रस दगडापेक्षा हलका, म्हणून वर निघतो. समुद्राच्या तळावरच्या मोठ्या डोंगररांगा, आइसलँड, हवाई आणि आपलं दख्खन, सगळीकडे मूळ कारण हेच.

दुसरी तऱ्हा पाण्याची. पॉटचं आईस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ टाकतो, बर्फ कमी तापमानालाही वितळतो. दगडाच्या बाबतीत मिठाचं काम पाणी करतं. जिथे समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो, जपान, इंडोनेशिया, अँडीज, तिथे तो आपल्याबरोबर मुरलेलं पाणी खाली नेतो. शंभरेक किलोमीटर खोल गेल्यावर ते पाणी सुटतं, वरच्या प्रावरणात शिरतं आणि तिथला दगड वितळू लागतो. पॅसिफिकभोवती ज्वालामुखींची माळ आहे ती यामुळे.

बेलापुरींच्या शेवटच्या प्रश्नाचं बीज इथेच आहे, पण आता भाजी आणायला जातो.

शंकासुर
रवि, ३० नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:२०

काका, म्हणजे आपल्या पायाखाली अजूनही तो गरम दगड वर सरकतोय? घोडबंदरला आत्ताच फ्लॅट बुक केलाय, म्हणून विचारतो.

बोअरवाला
रवि, ३० नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:४०

नाही. चूल तिथेच राहिली, तवा सरकला.

दख्खन तापवणारा उष्ण प्रवाह खोल प्रावरणातून येत होता आणि भारताचा भूपट्ट त्याच्यावरून उत्तरेकडे निघून आला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्या प्रवासाच्या खुणा समुद्रात रांगेने आहेत. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन बेट. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेज आजही वरचेवर वाहतो. आपल्या चुलीचा जाळ बघायचा असेल तर तिकडे जावं लागेल. घोडबंदरचा फ्लॅट खुशाल घ्या. तिथलं संकट ट्रॅफिकचं आहे.

फोडणीची_पोळी
रवि, ३० नोव्हेंबर २०२५, दुपारी १:१५

स्वयंपाक आवरून आत्ता वाचला धागा. वाहतो का उडतो याचं उत्तर मला कढईत दिसतंय, बरोबर आहे का सांगा.

आमटी उकळते तेव्हा बुडबुडे येतात, फुटतात, कुणाला काही होत नाही. पिठलं घट्ट झालं की तोच बुडबुडा वर येता येत नाही, खाली अडकून फुगतो, आणि मग फट्‌ करून फुटतो. पिठलं हातावर, टाइल्सवर, चष्म्यावर. आच तीच, वाफ तीच. फरक फक्त घट्टपणाचा. आज सकाळीच मनगटावर डाग घेतलाय, म्हणून सुचलं.

खाडीपलीकडचा
रवि, ३० नोव्हेंबर २०२५, दुपारी १:२२

ताई, भूगोल कळला. पिठल्याबरोबर भाकरी आहे का?

बोअरवाला
रवि, ३० नोव्हेंबर २०२५, दुपारी ४:०५

फोडणीताई, वर्गात पाऊण तास घेऊन मी जे सांगितलं असतं ते तुम्ही कढईत उरकलंत. डागावर थंड पाणी घ्या.

पुढचं मी जोडतो. दगडाच्या रसाला घट्ट करतं ते सिलिका, वाळूत असतं तेच. आपला बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा दगड, वितळलेला असतो तेव्हा साधारण ११०० ते १२०० अंश तापमान आणि जेमतेम निम्मी सिलिका, म्हणून आमटी. रायोलाइट नावाचा जो रस असतो त्यात सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर आणि तापमान सातशे-आठशेच्या घरात, म्हणून ते पिठल्याच्याही पलीकडचं, मोदकाची उकड म्हणा. अँडेसाइट या दोघांच्या मधला. आणि वाफ म्हणजे रसात विरघळलेलं पाणी, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू. खोलवर दाबाखाली ते विरघळलेले राहतात, वर येताना सुटतात.

आमटी असली आणि भेगेतून निवांत बाहेर आली तर कारंजी उडतात, लाल नद्या वाहतात. याला हवाईयन तऱ्हा म्हणतात. हवाईतला किलाउआ तसा. २०१८ साली त्याने सातशेच्या आसपास घरं गिळली, पण लोकांना सामान बांधून निघता आलं. असा रस साचून जो डोंगर होतो तो उंच शंकू नसतो, जमिनीवर पालथी ठेवलेली ढाल असते.

बुडबुडे जरा मोठे होऊन थांबूनथांबून फुटले की स्ट्राँबोली तऱ्हा. इटलीजवळच्या स्ट्राँबोली बेटावर दहा-वीस मिनिटांनी एकेक ठिणग्यांचा फवारा उडतो, हजारो वर्षं चाललंय. जुने खलाशी त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणत.

रस घट्ट, आणि नळीच्या तोंडाशी थिजून बूच बसलं, की दुधावर जाड साय धरल्यासारखं होतं. खाली दाब साठतो आणि मग बूच फोडून घराएवढे धोंडे आणि काळी राख वर. ही व्हल्कॅनो बेटावरून नाव पडलेली व्हल्कॅनियन तऱ्हा.

आणि शेवटी दूध उतू जातं तशी. उतू जातं तेव्हा दूध वाढलेलं नसतं, फेस झालेला असतो. घट्ट रसात वायू भरपूर असले की नळीतल्या नळीत सगळ्या रसाचा फेस होतो, तो फुटून त्याचा चुरा होतो आणि तोफेसारखा वर जातो, वीस-तीस-चाळीस किलोमीटर. थिजलेला फेस म्हणजे प्यूमिस. टाचा घासायला मिळतो ना, पाण्यावर तरंगणारा दगड, तो. याला प्लिनियन म्हणतात. त्यावर मृण्मयीबाईंनी लिहावं, इतिहास त्यांचा.

डेकवरून
रवि, ३० नोव्हेंबर २०२५, संध्या. ६:३०

नेरुळकर, मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला. स्ट्राँबोली वाचून राहवलं नाही.

आपल्या भारतात जिवंत ज्वालामुखी आहे हे अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं. अंदमानातलं बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून साधारण १३५ किलोमीटर ईशान्येला. १७८७ मध्ये त्याचा उद्रेक नोंदला गेला, १८३२ नंतर दीडशेहून जास्त वर्षं गप्प, आणि १९९१ पासून पुन्हा अधूनमधून चालू. बेटावर माणूस राहत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही रात्री त्याच्या लांबून गेलो. वॉच संपवून वर आलो होतो, अंगाला डिझेलचा वास. सेकंड ऑफिसरने हात धरून पोर्ट साइडला नेलं. काळोखात एक लाल ठिपका. पेटला, विझला. मी म्हटलं, मच्छीमारी बोट असेल. तो म्हणाला, थांब. काही मिनिटं गेली आणि ठिपक्यातून बारीक लाल रेघा वर गेल्या आणि वाकून खाली पडल्या. अजिबात आवाज नाही, इतकं अंतर होतं. दिवाळीत समोरच्या टॉवरमधल्या कुणीतरी लावलेलं झाड खिडकी बंद करून बघावं, तसं. चहा गार होईपर्यंत तिघे जण काही न बोलता उभे होतो.

काकांचं बरोबर आहे, थांबूनथांबून. आम्ही घड्याळ लावलं होतं पण लय काही सापडली नाही.

मृण्मयी_ठाणे
रवि, ३० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४८

डेकवरून, काय लिहिलंत! उद्या वर्गात वाचून दाखवणार, परवानगी गृहीत धरते.

काकांनी माझ्यावर टाकलेलं काम. इ.स. ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस फुटला तेव्हा धाकटा प्लिनी सतरा वर्षांचा होता, उपसागरापलीकडे मामाकडे राहत होता. पुढे त्याने इतिहासकार टॅसिटसला पत्रं लिहून ते सगळं कळवलं. ढग पाइन झाडासारखा दिसत होता म्हणाला, आधी उंच खोड आणि वर पसरलेल्या फांद्या. मामा, म्हणजे थोरला प्लिनी, आरमाराचा प्रमुख. जहाजं घेऊन लोकांना काढायला गेला आणि किनाऱ्यावरच मेला. प्लिनियन नाव या दोघांवरून.

पण मुलांना मी व्हेसुव्हियसने गाडलेल्या पाँपेईपेक्षा सेंट पिअर आधी सांगते. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचं शहर, वर माँ पले नावाचा ज्वालामुखी. १९०२ च्या एप्रिलपासून डोंगर धुमसत होता, राख पडत होती, तरी शहर रिकामं झालं नाही. उलट आसपासच्या खेड्यांतले लोक आसऱ्याला शहरात आले. ८ मेच्या सकाळी डोंगरातून लाव्हा आलाच नाही. आला तो तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोंढा, उतारावरून जमिनीला धरून, वादळापेक्षा वेगाने. काही मिनिटांत अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं गेली. वाचलेल्या मोजक्यांत एक सिल्बारिस नावाचा कैदी, जाड भिंतींच्या कोठडीत होता म्हणून.

मुलं हमखास विचारतात, "बाई, धावून सुटता आलं नसतं?" नाही. लाव्हापुढे बहुतेक वेळा चालत सुटता येतं. या लोंढ्यापुढे गाडीही कमी पडते. पाँपेईतही शेवटी असल्याच लोंढ्यांनी माणसं मेली. टीव्हीवर लाल नदी दाखवतात कारण ती दिसायला छान, मारणारी गोष्ट करड्या रंगाची असते.

चिखलाचंही तसंच. कोलंबियात १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नेव्हादो देल रुईसचा उद्रेक तसा बेताचाच होता. पण डोंगरावरचं बर्फ वितळलं, राखेचा चिखल नदीच्या पात्रातून दूरवर खाली आला आणि आर्मेरो गाव झोपेत गाडलं गेलं. वीस हजारांहून जास्त माणसं. धोक्याचा नकाशा आधीच तयार होता. त्या वाक्याशी मी वर्गात दरवेळी थांबते.

शंकासुर
सोम, १ डिसेंबर २०२५, सकाळी ८:१०

लोकलमध्ये वाचतोय, कळव्याला सिग्नलला उभी आहे, म्हणून दोन शंका. वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत, ती ज्वालामुखीमुळेच ना? आमची आजी सांधेदुखीसाठी न्यायची. आणि दुसरं, आपल्याकडे फक्त आमटीच सांडली का? पिठलं कधीच फुटलं नाही?

फोडणीची_पोळी
सोम, १ डिसेंबर २०२५, सकाळी ११:३०

मधेच माझं एक राहिलंय. पाण्याचं. तापलेल्या फोडणीत पाण्याचा थेंब पडला की तेल अंगावर येतं, तसं ज्वालामुखीत होतं का?

आणि राखेबद्दल अवांतर. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडचा तो नाव न घेता येणारा ज्वालामुखी फुटला तेव्हा मी आणि आमचे हे जर्मनीत विमानतळावर चार रात्री अडकलो होतो. बाहेर स्वच्छ ऊन, आकाश निळंशार, आणि हे म्हणतात राख आहे. मी तावातावाने काउंटरवर भांडले. बरोबरच्या मेथीच्या ठेपल्यांवर दोन दिवस निघाले, एका पोलिश आजींनाही दिले. ती राख दिसत नसताना विमान का उडवत नव्हते हे मला आजतागायत कुणी नीट सांगितलेलं नाही.

बोअरवाला
सोम, १ डिसेंबर २०२५, संध्या. ५:१५

आयाफ्यादलायोकुल. मीही सरावाने शिकलो.

ताई, ती राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. चुलीतलं काहीतरी जळून गेलेलं असतं, इथे काहीच जळालेलं नसतं. तो दगडाचा आणि काचेचा भुगा असतो, धारदार, दळलेल्या बाटलीसारखा. जेट इंजिनच्या आत इतकी उष्णता असते की हा भुगा वितळतो आणि मागच्या पात्यांवर पुन्हा काच होऊन चिकटतो. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ जावाच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत रात्री शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. लंडनहून निघालेलं ते उड्डाण आपल्या मुंबईला थांबून पुढे गेलं होतं. विमान तरंगत खाली आलं, राखेबाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा धरली आणि जाकार्ताला उतरलं, समोरच्या काचा घासून धुरकट झालेल्या. तुमचं भांडण त्या काउंटरवाल्याने सोसलं ते बरं झालं.

फोडणीचं अगदी तसंच. रसाला समुद्राचं, बर्फाचं किंवा जमिनीतलं पाणी भेटलं की पाण्याची क्षणात वाफ होते, आकारमान हजारपटीहून जास्त वाढतं, आणि आमटीसारखा पातळ रससुद्धा स्फोटाने उडतो. १९६३ मध्ये आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रातून सुर्त्से बेट असंच फटाफट वर आलं, म्हणून सुर्त्सीय तऱ्हा. कधी रस वर येतही नाही, नुसती खालच्या आचेने पाण्याची वाफ होऊन डोंगर फुटतो. जपानच्या ऑंताकेवर सप्टेंबर २०१४ मध्ये शनिवारी दुपारी शिखरावर डबे उघडून बसलेले गिर्यारोहक असेच सापडले. साठहून जास्त गेले.

शंकासुर, वज्रेश्वरीचं पाणी ज्वालामुखीचं नाही. जमिनीत खाली जाल तसं दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढतं, कुठेही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून लवकर वर आलं तर गरमच राहतं. भेगांची मात्र आपल्या पट्ट्यात चंगळ आहे. घाटावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, पण पनवेल-कल्याणच्या पट्ट्यात आलात की ते पश्चिमेकडे, समुद्राकडे वाकलेत. भूशास्त्रात त्याला पनवेलचंच नाव आहे, पनवेल फ्लेक्शर. सगळं कवच इथे ताणलं, तुटलं, वाकलं.

आणि पिठलं फुटलं, आपल्याच अंगणात. दख्खनच्या शेवटाशेवटाला मुंबईच्या बाजूला रसाचा स्वभाव बदलला. मढ, मनोरी, गोराईकडे फिकट रंगाचे रायोलाइट, ट्रॅकाइट आहेत. जुन्या मुंबईच्या इमारतींतला पिवळट मालाड स्टोन त्याच कुळातला. राखेचे टफ आहेत, फुटलेल्या तुकड्यांचे ब्रेशिया आहेत. येऊरच्या जंगलातून पलीकडे उतरलात की कान्हेरी लागते, तिथली लेणी ब्रेशियात कोरलेली आहेत. शिवडीकडे लाव्हा पाण्यात सांडून उशांसारखे गोळे झालेत. वरळीला दोन थरांच्या मधल्या गाळात बारक्या बेडकांचे जीवाश्म निघाले. मला हे बेडूक फार आवडतात. एवढा उत्पात चाललेला, आणि दोन लाव्हांच्या मधे डबकं साचलं की हे हजर.

खाडीपलीकडचा
सोम, १ डिसेंबर २०२५, रात्री ८:०२

म्हणजे पावसाळ्यात अंधेरी सबवेत होतं तेच.

पण काका, मग डायनोसॉर कुणी मारले? आमटीने की आकाशातल्या धोंड्याने?

बोअरवाला
सोम, १ डिसेंबर २०२५, रात्री ९:३०

मेक्सिकोतल्या चिक्शुलुबचा धोंडा हाच मुख्य आरोपी असं आज बहुतेक जण मानतात. दख्खनचा हात किती यावर अजून भांडण आहे. पण आमटी निरुपद्रवी समजू नका. १७८३ मध्ये आइसलँडला लाकीची भेग उघडली, पंचवीसेक किलोमीटर लांब. आपल्याकडच्या उसवणीचा इतिहासात नोंदलेला सगळ्यात जवळचा नमुना हाच, आणि दख्खनच्या तुलनेत अगदी चिमूटभर. आठ महिने लाव्हा वाहत होता, गावंच्या गावं लाव्हात बुडून मेली असं नाही. विषारी वायू गवतावर बसले, मेंढ्या मेल्या, मग दुष्काळ. देशातला सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. उलट १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी, पण शास्त्रज्ञांनी आधी ओळखलं, हजारो लोक वेळेत हलवले. गंधकवायूने मात्र दोनेक वर्षं पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास खाली ओढलं. हा उडणारा, तो वाहणारा, आणि हिशेब असा उलटा.

बेलापुरी
रवि, ७ डिसेंबर २०२५, दुपारी १२:१०

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, आठवडाभर कन्येला एकेक प्रतिसाद वाचून दाखवत होतो. पिठल्याचा प्रयोग तिने घरी केला. ओटा मी पुसला.

आज सकाळी पुन्हा टेकडीवर गेलो, त्याच कापलेल्या भिंतीपाशी. तिने घरून भिंग नेलं होतं. भोकं नीट बघितली तर सगळी सारखी नाहीत. खालच्या हातभर भागात दगड घट्ट, जवळजवळ भोकंच नाहीत. वर जाल तशी भोकं वाढत जातात, आणि सगळ्यात वर इतकी की दगड पावासारखा दिसतो. मग एकदम लालसर पट्टा आणि त्याच्यावर पुन्हा घट्ट काळा दगड. तिने वहीत रेघ मारली आणि लिहिलं, "इथे एक आमटी संपली."

काका, एक शंका. भोकांतलं पांढरं नखाने खरवडलं तर निघत नाही, उन्हात चमकतं, एका भोकात तर बारीक सुयांचा पंखा आहे. मीठ आहे का ते? चाटून बघायला निघाली होती, मी अडवलं.

बोअरवाला
रवि, ७ डिसेंबर २०२५, दुपारी १२:४५

बुडबुडे वर येऊन अडकले म्हणून वरच्या भागात भोकं जास्त. बरोबर टिपलंय. लाल पट्ट्याला रेघ मारली ती जागाही बरोबर.

पांढरं ते मीठ नाही, झिओलाइट आहे. लाव्हा थिजल्यावर त्याच्या बुडबुड्यांतून गरम पाणी खेळत राहिलं, त्यातून बसलेले स्फटिक. सुयांचा पंखा असेल तर बहुतेक स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट, फोटो टाका म्हणजे अंदाज घेऊ. अडवायची गरज नव्हती, आम्ही साइटवर दगड जिभेला लावून बघायचो, मातीचा अंश असला की चिकटतो. फक्त आधी पाण्याने धुवा, तिथे कुत्री फिरतात.